लिनक्सचं काम लिनक्सच्याच घरात: वाचकांचे प्रश्न

विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०१६ साली विंडोज १०मध्ये दिली. तिचं नाव विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स, सगळ्यांच्या तोंडी डब्ल्यूएसएल. २०२०मध्ये तिची दुसरी आवृत्ती सर्वांना मिळाली आणि तेव्हापासून आत लिनक्सचा खरा कर्नल (म्हणजे गाभा) चालतो. आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक एकाच कारणाने पडलेले आहेत: काम लिनक्समध्ये आणि फाईली विंडोजमध्ये. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरा.)

प्रश्न: अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला सी-मध्ये ‘फोर्क’ वापरायचं आहे. मिनजीडब्ल्यू टाकलं, पण त्याला फोर्क सापडत नाही. लॅपटॉपवर विंडोज ११ होम आहे, ८ जीबी रॅम. ड्युअल बूट करावं का, म्हणजे विंडोजशेजारी लिनक्स वेगळं बसवावं का?

गरज नाही. मिनजीडब्ल्यूमधला जीसीसी हा कंपायलर विंडोजसाठीचे प्रोग्रॅम बनवतो आणि फोर्क ही सोय विंडोज त्यांना देत नाही. चालू प्रोसेसची हुबेहूब दुसरी प्रत काढणं ही युनिक्सची, म्हणजे लिनक्सच्या घराण्याची पद्धत. विंडोजमध्ये नवी प्रोसेस कोऱ्या पाटीने सुरू होते. विंडोजवर युनिक्ससारखं वातावरण देणारं सिगविन फोर्कची नक्कल करतं, पण ती संथ आहे. प्रॅक्टिकलला तुम्हाला खरा फोर्क हवा, म्हणून डब्ल्यूएसएल घ्या. होम आवृत्तीवर ते व्यवस्थित चालतं आणि सीच्या प्रोग्रॅमना ८ जीबी भरपूर झाली.

टर्मिनल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, ‘डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल’ द्या आणि मशीन रीस्टार्ट करा. उबंटू ही लिनक्सची एक आवृत्ती उतरेल, नाव आणि पासवर्ड विचारेल. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. कीबोर्ड बिघडलेला नसतो, लिनक्सची रीतच तशी आहे. मग ‘सुडो एपीटी अपडेट’ (‘सुडो’ म्हणजे पुढची कमांड सर्वाधिकाराने चालवणं) आणि त्यानंतर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल जीडीबी’. जीसीसी, मेक, डीबगर सगळं आलं.

व्हर्च्युअलायझेशन (मशीनच्या आत आभासी मशीन चालवण्याची सोय) बंद असल्याची तक्रार आली, तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू पाहा. तिथे ‘डिसेबल्ड’ दिसलं तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन ते सुरू करायचं; इंटेलच्या मशीनवर व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम अशा नावाने असतं. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या ड्राइव्ह-कुलपाची) रिकव्हरी की लिहून जवळ ठेवा. ती नसताना ड्राइव्ह कुलूपबंद झाला तर सगळा डेटा अडकेल.

प्रश्न: रिअ‍ॅक्टचा प्रकल्प सी ड्राइव्हवर आहे. उबंटूमधून ‘एनपीएम इन्स्टॉल’ दिलं की चहा पिऊन आलं तरी चालूच. शिवाय फाईल सेव्ह केली तरी ब्राउझरमध्ये बदल दिसत नाही.

दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच. सी ड्राइव्ह उबंटूत ‘/एमएनटी/सी’ म्हणून दिसतो, त्यामुळे तो लिनक्सचाच भाग वाटतो. प्रत्यक्षात तिथली प्रत्येक फाईल उघडताना, वाचताना, बंद करताना विनंती ९पी नावाच्या प्रोटोकॉलवरून विंडोजकडे जाते आणि उत्तर परत येतं. एकच मोठा व्हिडिओ वाचायचा असेल तर फारसं जाणवत नाही. पण एनपीएम पॅकेजेस ज्या फोल्डरमध्ये उतरवतं त्या ‘नोड-मॉड्यूल्स’मध्ये हजारो चिमुकल्या फाईली असतात, आणि हेलपाटे फाईलगणिक पडतात. आणि फाईल बदलल्याची सूचना डब्ल्यूएसएल २मध्ये ही सीमा ओलांडत नाही. म्हणून तुमचा डेव्ह सर्व्हर वाट पाहत बसतो.

प्रकल्प उबंटूच्या होम फोल्डरमध्ये गिटने (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने) नव्याने क्लोन करा, म्हणजे ताजी प्रत उतरवा. जुना फोल्डर कॉपी करू नका, कारण त्यातल्या काही पॅकेजेसमध्ये विंडोजसाठी बांधलेल्या बायनरी असू शकतात. क्लोन झाल्यावर त्याच फोल्डरमधून ‘कोड’, एक जागा, आणि टिंब असं टाइप करा. व्हीएस कोडची खिडकी विंडोजवर उघडेल, पण तिच्या डब्ल्यूएसएल एक्स्टेन्शनमुळे टर्मिनल, डीबगर, लिंटर सगळं लिनक्समध्ये चालेल. विंडोजमधून या फाईली पाहायच्या असतील तर फाईल एक्सप्लोररच्या डाव्या पट्टीत पेंग्विनच्या चित्राखाली त्या सापडतात.

एवढं करूनही संथ असेल तर ‘व्हिच एनपीएम’ विचारा. उत्तर ‘/एमएनटी/सी’ने सुरू झालं, तर तुम्ही उबंटूत बसून विंडोजचं एनपीएम चालवताय. विंडोजचा पाथ (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी) लिनक्सच्या पाथला आपोआप जोडला जातो, त्यामुळे हे नकळत घडतं. उबंटूत नोड स्वतंत्र टाका.

प्रश्न: विंडोजवर क्लोन केलेली शेल स्क्रिप्ट उबंटूत चालवली की ‘बॅड इंटरप्रीटर’ येतं, आणि बॅशच्या नावापुढे वर टोक असलेली खूण व ‘एम’ दिसतो. बॅश तर जागच्या जागी आहे!

स्क्रिप्ट चालवणारा बॅश हा प्रोग्रॅम आहे, पण लिनक्स वेगळंच नाव शोधतंय. विंडोजमध्ये ओळ संपताना दोन अक्षरं लागतात, क्रमांक १३ आणि १०. लिनक्सला फक्त १० पुरतं. गिट फॉर विंडोज बसवताना नेहमीचा पर्याय ठेवला असेल, तर क्लोन करताना गिट प्रत्येक ओळीच्या शेवटी ते १३ घालतं. लिनक्स स्क्रिप्टची पहिली ओळ वाचतं आणि ‘बॅश’ला चिकटलेल्या त्या न दिसणाऱ्या अक्षरासकट प्रोग्रॅम शोधायला निघतं. तसा प्रोग्रॅम कुठेच नसतो.

‘डॉसटूयुनिक्स’ एका फाईलपुरतं निस्तरेल. कायमचा उपाय म्हणजे प्रकल्पात ‘.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ फाईल ठेवून शेल स्क्रिप्टसाठी ‘ईओएल=एलएफ’ (ओळीच्या शेवटी फक्त १०) ठरवून देणं. नियम प्रकल्पासोबत जातो, प्रत्येकाच्या सेटिंगवर विसंबावं लागत नाही.

प्रश्न: टास्क मॅनेजरमध्ये ‘व्हीएममेम’ नावाचं काहीतरी ८ जीबी रॅम खातंय. हा व्हायरस आहे का?

नाही, ते डब्ल्यूएसएलचं व्हर्च्युअल मशीन आहे. त्याला आपोआप निम्म्या रॅमपर्यंत मुभा असते, आणि लिनक्स मोकळी रॅम फाईलींच्या कॅशसाठी वापरून टाकतं. विंडोजमधल्या तुमच्या युजर फोल्डरमध्ये ‘.डब्ल्यूएसएलकॉन्फिग’ नावाची फाईल करा. पहिल्या ओळीत चौकोनी कंसात ‘डब्ल्यूएसएल२’, दुसरीत ‘मेमरी=४जीबी’. मग ‘डब्ल्यूएसएल --शटडाउन’. नोटपॅड शेवटी गुपचूप ‘.टीएक्सटी’ जोडतं, मग फाईल असूनही फरक पडत नाही. सेव्ह करताना ‘ऑल फाइल्स’ निवडा.

प्रश्न: उबंटूतून २० जीबी डेटा उडवला, पण सी ड्राइव्हवर जागा वाढलीच नाही.

उबंटूच्या सगळ्या फाईली विंडोजच्या दृष्टीने एकाच मोठ्या व्हीएचडीएक्स फाईलमध्ये असतात. ती गरजेप्रमाणे फुगते, पण आपोआप आटत नाही. ‘डब्ल्यूएसएल --शटडाउन’ देऊन विंडोजच्या ‘डिस्कपार्ट’मध्ये ती फाईल निवडा आणि ‘कॉम्पॅक्ट व्हीडिस्क’ द्या. ‘अनरजिस्टर’ मात्र जागा मोकळी करायला वापरू नका. ती कमांड अख्खं उबंटू पुसते, रिसायकल बिनमध्येही काही उरत नाही.

प्रश्न: महाविद्यालयाच्या लॅबमध्ये सगळ्या मशीनवर एकसारखं उबंटू हवं आहे. इंटरनेट अगदीच मंद आहे.

एका मशीनवर सगळी साधनं नीट बसवा, प्रत्येक प्रॅक्टिकल एकदा चालवून पाहा, मग ‘डब्ल्यूएसएल --एक्सपोर्ट’ने त्याची टार फाईल (सगळं एकत्र बांधलेली एकच फाईल) काढा. बाकीच्या मशीनवर आधी डब्ल्यूएसएल सुरू करून घ्या, पेन ड्राइव्हवरून टार न्या आणि ‘--इम्पोर्ट’ करा. उबंटू पुन्हा पुन्हा उतरवावं लागणार नाही. एक काळजी घ्या. इम्पोर्ट केलेलं उबंटू सहसा थेट रूट (लिनक्सचा सर्वाधिकारी युजर) म्हणून उघडतं, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हाती रूट देणं बरं नाही. म्हणून एक्सपोर्ट करण्याआधीच ‘/ईटीसी/डब्ल्यूएसएल.कॉन्फ’मध्ये ‘युजर’ विभागाखाली ‘डिफॉल्ट=’ पुढे साध्या युजरचं नाव लिहा, आणि त्या युजरला सुडोचा हक्क देऊ नका.