जर्मनीत नवीन आलेल्या जोडप्यासाठी

आधी दोघांचं अभिनंदन! पॅरिस-प्रागचे प्लॅन जरा थांबवा, घरात राहायला गेल्यापासून 2 आठवड्यांत पत्त्याची नोंदणी म्हणजे आनमेल्डुंग करायची असते, टॅक्स आयडी वगैरे सगळं त्यानंतरच पोस्टाने येतं आणि अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही, म्हणून आजच बुक करा. लेटरबॉक्सवर दोघांचीही आडनावं लावा हं, वेगळी असतील तर नक्कीच, नाहीतर पत्रं परत जातात.

मग फिरा बिनधास्त. फक्त
- डॉइचलँड तिकीट (लोकल-रिजनल गाड्यांचा महिन्याचा पास) आयसीई या लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत चालत नाही, नवीन लोक हमखास इथेच दंड भरतात
- बाकीच्या शेंगेन देशांत (आपसात सीमा खुल्या असलेले युरोपातले देश) कुठल्याही 180 दिवसांपैकी 90 दिवसच राहता येतं, पासपोर्ट आणि जर्मनीचं रेसिडेन्स परमिट दोन्ही जवळ ठेवा
- लंडन, डब्लिन शेंगेनमध्ये नाहीत, व्हिसा वेगळा

आणि किराणा शनिवारीच भरा, रविवारी दुकानं बंद!