लेखी दे

सप्टेंबर २०२४

चि. … यास अनेक आशीर्वाद.

पश्चिम घाटात खाणी आणि मोठी बांधकामे रोखणारे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवण्याचा केंद्र सरकारचा मसुदा निघाला आहे, त्यावर आपण सरकारला लिहावे की नाही, असे तू विचारले आहेस. १० मार्च २०१४ पासून मसुदेच निघत आहेत, ३१ जुलै २०२४ चा हा सहावा, आणि वायनाडमध्ये डोंगर कोसळल्याच्या दुसऱ्याच दिवशी निघालेला हा कागदही मागच्यांसारखा मुदत संपून बाद होणार असेल तर पत्राचा उपयोग काय, हा तुझा पहिला प्रश्न. आपली तर हरकतच नाही, उलट हे क्षेत्र जाहीर व्हायला हवे आहे, मग हरकती-सूचनांत लिहायचे काय, हा दुसरा.

या दुसऱ्या प्रश्नामुळेच मी आज लिहायला बसले. आपल्या भागातील भल्या माणसांनी इतकी वर्षे हाच विचार केला. ज्यांना खाण हवी होती त्यांनी वकिलाकडून मुद्देसूद हरकती लिहून घेतल्या, ठराव जोडले, पोहोच घेतली. ज्यांना डोंगर हवा होता ते ओटीवर बसून हळहळले. पश्चिम घाटासाठी केंद्राने नेमलेल्या गाडगीळ समितीने २०११ मध्ये आपला अहवाल ग्रामसभांपर्यंत जावा, लोकांनी तो वाचून मत द्यावे, असे म्हटले होते. ते झाले नाही. पुढे राज्ये गावे वगळण्याची मागणी करीत राहिली आणि ‘लोकांचाच विरोध आहे’ हे वाक्य खोडून काढायला आपल्या गावातून गेलेला एकही कागद नव्हता. ही सल माझ्या मनातून जात नाही. म्हणून सांगते, पाठिंबा असला तरी लेखी दे; किंबहुना पाठिंबा असेल तर आधी लेखी दे.

तू पाठवलेला तयार ई-मेल मी वाचला. त्यात ‘निसर्ग वाचवा’ याखेरीज काही नाही, आणि खालचे नाव बदलले तर तो दुसऱ्या कोणाचाही होईल. तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलाने एवढ्यावर समाधान मानावे याचा मला राग येतो. मसुदा उघड. ५६,८२५ चौरस किलोमीटरपैकी १७,३४० महाराष्ट्रात आहेत. परिशिष्टात आपल्या गावाचे नाव आहे का ते पाहा. खाणकाम, दगडखाणी आणि वाळूउपसा यांवर पूर्ण बंदीचे कलम आहे, त्यावर बोट ठेव आणि लिही की हे कलम आहे तसेच राहावे, कारण आमच्या शाळेमागच्या कातळसड्यावर चिरेखाण सुरू झाल्यापासून खालच्या व्हाळाला तांबडे पाणी येते आणि खाणीच्या काठापासून काजूच्या बागेकडे जमिनीला भेग पडत गेली आहे. गट नंबर लिही, फोटोवर तारीख टाक, भेगेशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढ. दिल्लीतल्या अधिकाऱ्याला सह्याद्रीचे महत्त्व ठाऊक असते, पण तुझ्या सड्यावरची भेग तू कळवल्याशिवाय त्याला कळणार नाही.

हवामानबदलाविषयीही असेच लिही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २०१७ मधील अभ्यासात, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे दिसले. २०१४ मध्ये माळीण, २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी, ही सगळी गावे जुलैच्या पावसात डोंगराखाली गेली. प्रत्येक ठिकाणची कारणे वेगळी आहेत, ती एकात कोंबू नकोस. पण पाऊस असा बदलत असताना उतार कापायला मोकळीक देणे धोक्याचे आहे, एवढे ठामपणे लिही.

घरे बांधता येणार नाहीत, जमीन विकता येणार नाही, असे गावात कोणी सांगत असेल तर त्यालाही मसुदा दाखव. राहत्या घरांची दुरुस्ती व वाढ आणि मालमत्तेचे हस्तांतरण यांवर बंदी नाही. बंदी आहे ती २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या नव्या बांधकामांवर.

बाईंनी उमेदीची वर्षे अर्ज खरडण्यात घालवली, रस्त्यावर उतरल्या नाहीत, असे माझ्याविषयी बोलले जाते, ते तुझ्याही कानावर आले असेल. मोर्चाला मी कधी नावे ठेवली नाहीत. पण गोव्यात मोले येथील जंगलातून जाणाऱ्या रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध तिथले विद्यार्थी, शास्त्रज्ञ आणि वकील यांनी घोषणांसोबत सविस्तर निवेदनेही दिली होती, आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकल्पाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे मंजुरीआधी तपासण्याच्या, म्हणजे पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या, नियमांच्या २०२० च्या मसुद्यावर टाळेबंदीतही लाखो लोकांनी लिहिले आणि तो मसुदा आजवर अंतिम झालेला नाही. त्यातल्या काही गोष्टी पुढे सुट्या दुरुस्त्यांमधून आल्या हे मला ठाऊक आहे. त्या प्रत्येक दुरुस्तीवरही लेखी द्यायला हवे होते. एवढ्यासाठी आयुष्य गेले असेल तर ते योग्य कामी गेले, असेच मी म्हणेन.

राजपत्र प्रसिद्ध झाल्यापासून साठ दिवसांची मुदत असते आणि त्यातले बरेच दिवस तू विचारात घालवले आहेस. मराठीत लिही, आपल्या शब्दांत लिही. सचिव, पर्यावरण, वने व हवामान बदल मंत्रालय, इंदिरा पर्यावरण भवन, जोरबाग मार्ग, नवी दिल्ली ११०००३ या पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने पाठव, ई-मेलही कर आणि टपालाची पावती जपून ठेव. तुझ्या आजोबांना व्हाळाचे पूर्वीचे पाणी आठवते. त्यांचे म्हणणे वेगळ्या कागदावर उतरवून घे आणि त्यावर त्यांची सही घे. रविवारी कच्चा मजकूर आणि सातबारा घेऊन ये, आपण एकत्र वाचू.

— बाई