प्रकाश देणाऱ्या पॉलिमर तंतूंनी यांत्रिक ताण मोजता येतो का? ते स्ट्रेन गेजची (वस्तूवर चिकटवून तिचे ताणले जाणे विजेच्या मदतीने मोजणाऱ्या पट्टीची) जागा घेतील का?

तंतूवर जितका ताण जास्त तितका त्याचा उजेड जास्त, असे आपण प्रश्नाच्या तपशिलात गृहीत धरले आहे. याच गृहीतकापायी माझ्या संशोधनाचे जवळजवळ एक वर्ष वाया गेले असल्यामुळे आधी त्याविषयी लिहितो.

तांबे मिसळलेल्या झिंक सल्फाइडची पूड द्रव सिलिकॉनमध्ये कालवून, ते मिश्रण बारीक नळीत भरून, घट्ट झाल्यावर ओढून काढलेला तंतू अंधारात ताणला की हिरवा उजेड पडतो. तो प्रथम दिसला तेव्हा मी तंतू तुटेपर्यंत ताणतच राहिलो होतो. माझ्या मार्गदर्शकांनी मात्र तंतूला वजन टांगून एका मिनिटानंतरचे वाचन मागितले. वजन सोडताना तंतू उजळला आणि वजन स्थिरावताच विझला. पूड नीट कालवली गेली नाही, असा निष्कर्ष काढून त्यांनी मला तीन महिने पूडच कालवायला लावली. अखेर मी तोच तंतू त्याच लांबीपर्यंत एकदा सावकाश आणि एकदा झटक्यात ताणला, तेव्हा अंतिम विकृती (मूळ लांबीच्या तुलनेत झालेली वाढ) सारखीच असूनही झटक्याचा उजेड कितीतरी प्रखर निघाला. विकृती बदलत असते तेवढाच वेळ हा प्रकाश बाहेर पडतो. कण आणि सिलिकॉन यांच्या सीमेवर घर्षणातून निर्माण होणाऱ्या विद्युतभाराशी त्याचा संबंध जोडला जातो. सावकाश आणि झटक्यात ताणल्याची माझी नोंद मात्र ‘यंत्राचा दोष’ म्हणून अहवालातून वगळली गेली आणि आलेखाच्या आडव्या अक्षावर ‘प्रतिबल’ (दर क्षेत्रफळामागचे बल) हाच शब्द राहिला.

तेव्हा स्थिर भार मोजायचा असेल, तर स्ट्रेन गेजच वापरावा. कंपने, आघात किंवा वाढती भेग पाहायची असेल, तर मात्र हे तंतू सरस ठरतात, कारण वायर न जोडता साऱ्या पृष्ठभागावरचा बदल कॅमेऱ्यात टिपता येतो. झिंक सल्फाइडऐवजी युरोपियमयुक्त स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट ही दुसरी उजळणारी पूड वापरणार असाल, तर त्याला आधी प्रकाश दाखवावा लागतो, ताणण्यापूर्वीही ते मंद उजळत राहते आणि दर खेचीगणिक फिके पडते, हे लक्षात असू द्यावे.

हे सारे पूड मिसळलेल्या तंतूंपुरते आहे, हे खरे तर आधीच सांगायला हवे होते. पॉलिमरच्या साखळीतच स्पायरोपायरन हा रंग बदलणारा रेणू गुंफला, तर ताणाखाली त्याचा रंग बदलतो व तो प्रतिदीप्त होतो (बाहेरून प्रकाश टाकल्यावर स्वतः उजळतो) आणि ताण असेपर्यंत ती खूण बरीच टिकते. २००९ मध्ये हे घन पॉलिमरमध्ये दाखवले गेले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डायऑक्सिटेनच्या (साखळीत गुंफलेल्या अशाच दुसऱ्या रेणूच्या) प्रयोगात तुटणारा रासायनिक बंध निळा प्रकाश देतो, परंतु तुटलेला बंध पुन्हा उजळत नाही. स्पायरोपायरनच्या बाबतीत एका मिनिटानंतरच्या वाचनाचे माझ्या मार्गदर्शकांचे मागणे रास्त ठरले असते. माझ्या तंतूबाबत नव्हते.

आपणही एकच लांबी निदान दोन वेगांनी गाठून दोन्ही वक्र एकाच आलेखावर छापा, आणि त्यातला एक काढून टाकायला कोणी सांगितले, तर कारण लेखी मागा.