मोडेमचं फर्मवेअर बंदच असेल, तर प्रायव्हसीवाला फोन घेऊन उपयोग काय?

भाऊ, तुम्ही दारव्ह्याकडच्या खेड्यात राहता आणि शेतकऱ्यांनी सावकारीविरुद्ध केलेल्या तक्रारींचे कागद फोनमध्ये ठेवता. गुगलचा जुना पिक्सेल फोन घेऊन त्यावर ग्राफीनओएस (प्रायव्हसी जपणारी अँड्रॉइडवरची सिस्टिम) टाकायचा विचार होता, पण कुणीतरी सांगितलं की मोडेमचं, म्हणजे टॉवरशी बोलणाऱ्या चिपचं, फर्मवेअर (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) कंपनीचं, बंद, म्हणजे बाहेरच्या कुणाला आतून तपासता न येणारं, म्हणून सगळं वाया. त्यापेक्षा मोडेम, माइक बंद करायच्या बटणांचा लिब्रेम 5 किंवा पाइनफोन हा लिनक्सवरचा फोन घ्या, असं त्याचं म्हणणं. मी दिग्रसला मोबाइल दुरुस्ती करतो, रोज बोर्ड उघडतो, म्हणून सविस्तर लिहितो.

बंद फर्मवेअर या तिन्ही फोनांत आहे. पाइनफोनच्या मोडेममधला लिनक्सचा भाग लोकांनी मोठ्या कष्टाने बदलून मोकळा केला, तरी टॉवरशी बोलणारा गाभा तिथंही बंदच. म्हणून विचारायचं ते हे: त्या बंद चिपचा हात फोनमध्ये कुठवर पोचतो?

'नेटवर्क गेलं' म्हणून फोन आला की मी बोर्डावरचा पत्रा उचलतो. बऱ्याच फोनांत मोडेम प्रोसेसरच्याच पोटात असतो, काहींत शेजारी वेगळी चिप असते. वेगळी चिप पाहून गिऱ्हाइकाला वाटतं, हिचा बाकीच्या फोनशी संबंध नाही. पण वेगळ्या चिपलाही मुख्य मेमरीत थेट लिहायची मुभा असू शकते. 2017 मध्ये गुगलच्या प्रोजेक्ट झिरो या त्रुटी शोधणाऱ्या गटाने वायफायच्या वेगळ्या चिपमधून शिरून अख्ख्या फोनचा ताबा घेऊन दाखवला होता. हे अडवतं ते आयओएमएमयू नावाचं हार्डवेअर: कुठल्या चिपने मेमरीच्या कुठल्या तुकड्याला हात लावायचा, ते इथं ठरतं. पिक्सेलमध्ये मोडेमवर ही राखण आहे. लिब्रेम आणि पाइनफोनमध्ये मोडेम यूएसबीवर असतो, त्याला मेमरीत थेट जाताच येत नाही. ही त्यांची खरी जमेची बाजू. मात्र यूएसबीच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ती जोडणी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चूक असेल तर तिथूनही वाट निघते.

आणि राखण असूनही आतल्यानेच दार उघडलं तर? 2014 मध्ये रेप्लिकंट ही अँड्रॉइडची मोकळी आवृत्ती बनवणाऱ्या लोकांना सॅमसंग गॅलेक्सीच्या काही फोनांत असंच सापडलं. मोडेमने सांगितलं की फोनमधलाच एक प्रोग्राम त्याला फायली वाचून-लिहून द्यायचा.

आता बटणं. शेतातल्या स्टार्टरचं लाल बटण दाबलं, तरी ऑटो लावलेला असेल तर लाइन आल्याबरोबर मोटर सुरू होते. म्हणून विहिरीत उतरणारा माणूस फ्यूज काढून खिशात ठेवतो. एअरप्लेन मोड म्हणजे ते लाल बटण, आणि लिब्रेमच्या कडेची तीन बटणं किंवा पाइनफोनच्या झाकणाखालचे बारीक स्विच म्हणजे काढलेला फ्यूज. माइकचा स्विच बंद असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर तो चालू करू शकत नाही. याची मला मनापासून कदर आहे. पण स्विच चालू असताना काय, हा प्रश्न उरतोच, आणि फोन दिवसभर चालूच असतो.

तुमच्यासाठी मला त्याहून मोठी वाटते ती अपडेटची गोष्ट. मार्च 2023 मध्ये प्रोजेक्ट झिरोने सॅमसंगच्या एक्झिनॉस मोडेममधल्या 18 त्रुटी जाहीर केल्या. त्यातल्या चार अशा होत्या की नुसता मोबाइल नंबर माहीत असला तरी दुरून मोडेममध्ये शिरता यावं. पिक्सेल 6 आणि 7 मध्ये हेच मोडेम, म्हणून तेही त्यात होते. अपडेट येईपर्यंत व्होल्टी (4जीवरून होणारे कॉल) आणि वायफाय कॉलिंग बंद ठेवा, असा सल्ला होता. पण सिम फक्त 4जीवर चालणारं असेल तर व्होल्टी बंद करून साधा कॉलही लागत नाही. म्हणजे आपल्याकडे खरा इलाज अपडेटच, आणि बंद फर्मवेअरचं अपडेट कंपनीशिवाय कोणी देऊ शकत नाही.

म्हणून माझा कौल पिक्सेललाच, पण 'जुना' पिक्सेल घेऊ नका. पिक्सेल 8 पासून सात वर्षं अपडेट मिळतात, 6 आणि 7 ला पाचच. सेकंडहँड घेताना सेटिंगमध्ये ओईएम अनलॉकिंग (दुसरी सिस्टिम टाकायची मुभा देणारं बटण) चालू होतं का, ते दुकानातच पाहा. ते होत नसेल तर ग्राफीनओएस टाकता येणार नाही.

एवढं करूनही टॉवरला तुमचं सिम आणि आयएमईआय (फोनचा स्वतःचा क्रमांक) दिसणारच, फोन कुठलाही असो. ज्या दिवशी त्या तक्रार करणाऱ्या शेतकऱ्यांच्या घरी जायचं असेल, त्या दिवशी फोन घरी चार्जिंगला लावून जा.