क्रोम केलेली पिन का सोलते?

प्रश्न : ट्रॅक्टर-लोडरसाठी आम्ही ४० मि.मी. व्यासाच्या पिना बनवतो. ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद) चा बार, त्यावर २५ मायक्रॉन हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमियमचा कडक मुलामा. दोन-अडीच महिन्यांत क्रोम सोलतं आणि बुशही (पिन जिच्यात फिरते ती नळी) ओव्हल होतो. क्रोम ५० मायक्रॉन करावं की नायट्रायडिंग (पोलाद तापवून वरच्या थरात नायट्रोजन मुरवणं) करून घ्यावं?
– एक वाचक, अंबड एमआयडीसी, नाशिक

उत्तर : जाडी वाढवून हा दोष जाणार नाही. हार्ड क्रोमचा कडकपणा ८५० ते १००० व्हिकर्स (कडकपणाचं माप), आणि त्याखालचं पाणी न दिलेलं, म्हणजे तापवून झटकन थंड न केलेलं ईएन-८ जेमतेम २०० च्या आसपास. बकेट ढिगात घुसली की सगळा दाब बुशाच्या कडेशी, पिनेच्या एका अरुंद पट्ट्यावर येतो. तिथं पोलाद दबतं. क्रोमला दबता येत नाही, ते तडकतं. सुटलेली कपची मग ग्रीसमध्ये फिरत राहते आणि बुशाला कानशीसारखी घासते.

सोललेली जागा भिंगाखाली बघा. खाली खळगा दिसला तर कारण हेच. पोलाद सपाट, स्वच्छ असून पापुद्रा सलग निघाला असेल, तर प्लेटिंगआधीची सफाई नीट झालेली नाही.

म्हणून आधी अंग कडक करा. टर्निंग करताना व्यासावर ०.४ मि.मी. जास्त ठेवा. इंडक्शननं (विजेच्या कॉइलनं फक्त वरचा थर तापवून लगेच थंड करून) ५२ ते ५५ एचआरसी, म्हणजे रॉकवेल मापानं कडकपणा, कडक थर २ ते ३ मि.मी. खोल. ग्रीसच्या भोकाची कड आधी गोल करा आणि भोकात तांब्याची खुंटी ठोका, नाहीतर तिथली कड जास्त तापते आणि हमखास तडा जातो. लगेच २०० अंशांवर टेम्परिंग (ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवणं), मग भरपूर कूलंट सोडून ग्राइंडिंग, मग क्रोम. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत पिना १९० अंशांच्या भट्टीत किमान ८ तास ठेवा; पोलादात शिरलेला हायड्रोजन बाहेर पडला नाही, तर पिन ठिसूळ होऊन अचानक तुटते. शेवटी फिनिश आरए (खरखरीतपणाचं माप, मायक्रॉनमध्ये) ०.२ ते ०.४. क्रोम खरखरीत राहिलं तर तेच बुश खातं.

नायट्रायडिंग ईएन-८ वर फारसं फळत नाही, कारण कडक नायट्राइड बनवणारं क्रोमियम किंवा ॲल्युमिनियम त्यात पुरेसं नसतं. ते करायचंच तर ईएन-१९ (क्रोमियम-मॉलिब्डेनम असलेलं पोलाद) घ्या आणि टेम्परिंग नायट्रायडिंगपेक्षा वरच्या तापमानाला करा, नाहीतर आतलं अंग मऊ पडतं. धक्के खाणाऱ्या या पिनेला मात्र इंडक्शनचा खोल थरच हवा.

आणि धूळ! वाळूतलं क्वार्ट्झ साधारण १००० व्हिकर्सचं, म्हणजे क्रोमच्याच तोडीचं. दोन्ही टोकांना डस्ट सील नसेल तर यातलं काहीच टिकणार नाही.

प्रश्न : मँगनीज फॉस्फेटिंगनं (पोलादावर रसायनानं फॉस्फेटचा थर चढवून) झीज थांबते का?

उत्तर : नाही. तो थर मऊच असतो. पण तो तेल धरून ठेवतो, त्यामुळे नवे गिअर सुरुवातीला एकमेकांत बसताना चिकटत नाहीत. तेल न लावता जोडलेल्या भागांवर त्याचा उपयोग नाही.