तुटतंय, मोडतंय का फुटतंय?

प्रश्न असा आलाय की वायर रोपच्या (तारेच्या दोराच्या) सर्टिफिकेटवर 'ब्रेकिंग लोड' लिहिलेलं असतंय, त्याला मराठीत काय म्हणायचं, आणि आमच्या बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, उद्यमबागेत, मच्छेत सगळे सरसकट 'ताकद' म्हणतेत ते चालतंय काय.

ताकद बोलायला चालतंय, पण त्यात घोळ आहे. 10 टनाची ताकद म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतंय 10 टन उचलायला हरकत नाही, आणि खरं तर 10 टनाला तो रोप तुटणार असतोय. वायर रोपच्या स्लिंगला (माल अडकवून उचलायच्या दोराला) सहसा सुरक्षेसाठी 5 पट सोडतेत, म्हणजे त्याच्यानं उचलायचं 2 टनच, तेपण सरळ उभं धरून, स्लिंगचे दोन पाय लावलात तर ते जितके फाकवाल तितका प्रत्येक पायावरचा ताण आणखी वाढतोय. म्हणून मी तर सरळ 'तुटायचा लोड' आणि 'उचलायचा लोड' असं म्हणीन. संस्कृत जोडून नवा शब्द पाडायची मला हौस नाही, तसला शब्द वर्कशॉपवर कोण बोलणार सांगा बघू.

आता खरी गंमत. इंग्रजीत बहुतेक ठिकाणी एकच 'ब्रेक' चालतंय, आपल्यात मात्र क्रियापदच सांगतंय की जोर कसा लागला. दोर ओढून तुटतोय, काठी वाकून मोडती, हायड्रॉलिकचा होज (तेलाचा लवचिक पाईप) आतल्या प्रेशरनं फुटतोय आणि काँक्रीटचा क्यूब मशीनमध्ये दाबून फोडतेत (एम 20 ग्रेडचं काँक्रीट म्हणजे 28 दिवसांनी चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन, ते दाबाचं, ओढायचं नव्हे, ओढायला काँक्रीट अगदीच लेचंपेचं). त्यामुळं होजला 'तुटायचा लोड' म्हणू नका, तिथं 'फुटायचं प्रेशर', आणि ते चालवायच्या प्रेशरच्या बहुतेक 4 पट धरतेत.

हा नियम सगळीकडं लागतोय असं नाही हं. खानापूरकडं कौलाची टेस्ट दोन टोकं टेकवून मधे भार देऊनच करणार, म्हणजे जोर काठीसारखा वाकवून मोडायचाच, पण कौल मोडलं असं कोण म्हणतंय? फुटलंच म्हणणार. ठिसूळ वस्तूला जोर कसाही लागू दे, ती आपल्या भाषेत फुटती.

आणि कडक म्हणजे मजबूत नव्हे, हे फौंड्रीवाल्यांना सांगायला नको. बिडाचा तवा फरशीवर पडला तर फुटतोय, पत्र्याच्याला नुसता पोचा पडतोय. बीड कडक आहे, दाबाला भारी आहे, पण चिवट नाही. कन्नडमध्ये 'गट्टी' म्हटलं की कडकपण आलं आणि मजबूतपण, त्यामुळं आपल्याकडं दोन्ही भाषा बोलणाऱ्यांच्या तोंडात हे शब्द मिसळतेत, त्यात त्यांची चूक काय नाही.

राहिला बोल्ट. डोक्यावर 8.8 असतंय बघा, त्यातला पहिला 8 म्हणजे चौरस मिलिमीटरला 800 न्यूटन, हे तुटायचं. दुसरा 8 म्हणजे त्याच्या 80 टक्के, 640 ला बोल्ट कायमचा लांबतोय. फिटर लोक 'बोल्ट लांबला' म्हणतेत ते हेच, आणि लांबला की तो बदलायचा, तुटायची वाट बघायची नाही. 'तुटेपर्यंत ताणू नये' म्हणतेत, बोल्टला तर त्याच्या आधीच थांबायला लागतंय.