कॅल्शियम ५६० झालं ते राहू दे, कोरलचं बिल कुठाय?

सांगलीतल्या विश्रामबागच्या एका वाचकांनी भलामोठा मेसेज पाठवलाय. थोडक्यात असं की घरी ३०० लिटरचा समुद्री कोरलचा (प्रवाळांचा) टँक, पुण्याच्या एका दुकानदाराने सेट करून दिला, त्याचाच माणूस महिन्यातून दोनदा मेंटेनन्सला यायचा आणि त्याने टेस्ट न करता कॅल्शियमचा डोस रोज टाकायला लावला. कॅल्शियम ५६० पीपीएमवर गेलं, पाण्यात पीठ कालवल्यासारखं झालं, हीटर-पंपावर चुन्याचा थर बसला, दहा दिवसांत कोरल गेली. दुकानदार आधी ‘बघू सर’ म्हणायचा, आता फोन उचलत नाही. यांना २ लाख १० हजारांचा दावा टाकायचाय, त्यातले १ लाख ६० हजार नुसत्या कोरलचे. टँकच्या जागी सोलर नाहीतर फर्निचर घाला, असले मेसेज मला रोज येतात, सगळ्यांचं दुखणं एकच, पैसे देताना कागद मागायचा नाही आणि बिघडलं की वकील शोधायचा.

तुम्ही ग्राहक आहात का, सेवेत त्रुटी आहे का, यावर मी वेळ घालवत नाही. दुकान पुण्याचं असलं तरी तुम्ही सांगलीत राहता म्हणून तक्रार इथल्या जिल्हा ग्राहक आयोगात चालते, आणि तुम्ही मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने फी पण नाही. हे सगळं होईल हो. पण तुम्ही पाठवलेली यादी वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. ॲक्रोपोरा चार, हॅमर दोन, ब्रेन एक.

साहेब, दगडी सांगाडा करणारी सगळी कोरल वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, २००१ पासून. वाघ ज्या यादीत आहे ना, तीच यादी. तुमच्या यादीतली सातही त्यात बसतात. लेदर आणि झोआ ही दगडी सांगाडा नसलेली कोरल त्या यादीत नाहीत, पण ती कुठून आली हा प्रश्न राहतोच. अनुसूची १ च्या प्राण्याबाबत गुन्हा शाबित झाला तर कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७, आणि दंड २५ हजारांपासून पुढे. यात कलम ५७ असं आहे की वस्तू तुमच्या ताब्यात सापडली की ताबा बेकायदा आहे असंच धरून चालतात, कायदेशीर होता हे तुम्ही दाखवायचं. आणि ‘आता मेलीत की ती’ हे उत्तर चालत नाही, सांगाडा पण तितकाच गुन्ह्याचा.

आता बघा काय होतं. आयोगात तक्रार प्रतिज्ञापत्रावर करायची असते. म्हणजे तुम्ही स्वतः शपथेवर, नावं आणि नग लिहून, वर फोटो जोडून सांगणार की हे माझ्याकडे होतं. समोरचा वकील कॅल्शियमबद्दल एक शब्द बोलणार नाही, तुमचंच पान उघडून दाखवेल. वर बेकायदा मालाची किंमत कुठलंही कोर्ट वसूल करून देत नाही ते वेगळंच. तुम्ही म्हणाल दुकानदार पण अडकेल की. अडकेलच, विकणारा आधी अडकतो, पण तो अडकला म्हणून तुम्ही सुटत नाही.

म्हणून मला तीनच कागद हवेत, ही कोरल बाहेरून रीतसर आली असतील तर त्याचं सायटीस परमिट (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा परवाना), कस्टम्सचं बिल ऑफ एन्ट्री आणि दुकानदाराचं तुमच्या नावचं बिल. ते असले तरी वाट सरळ आहे असं मी म्हणत नाही, पण बोलायला तोंड राहतं. नसतील तर कोरलचे १ लाख ६० हजार विसरा, आणि उरलेल्या ५० हजारांचा म्हणजे सेटअप आणि मेंटेनन्सचा दावा तरी टाकायचा का, हे मेसेजवर नाही, समोर बसून ठरवू.

कॅल्शियमचं म्हणाल तर तिथे मी छातीठोक बोलणार नाही. कोरलच्या टँकमध्ये साधारण ४०० ते ४५० ठेवतात, हे माझ्या भाच्यानं सांगितलं, त्याला हा नाद आहे. तो म्हणतो नुसतं कॅल्शियम वाढून सहसा मरत नाहीत, ते अल्कलिनिटीला (पाण्यातल्या कार्बोनेटला) धरून चुना होऊन खाली बसतं, अल्कलिनिटी कोसळते आणि दणका तिथे बसतो. हे सिद्ध करायला पाण्याचा सीलबंद नमुना लागला असता. तुम्ही काय केलंत, घाबरून अर्धं पाणी बदललंत आणि मिठाचा डबा भंगारात दिलात! त्यात तुमचाच व्हॉट्सॲप आहे की आरओ बंद होता म्हणून चार दिवस बोअरचं पाणी ओतलं. सांगलीचं बोअरचं पाणी, साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर धरतो. समोरचा तेवढं वाक्य धरून बसेल.

मुदतीचं पण ऐका. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे कारण घडल्यापासून २ वर्षं. नोटीस पाठवली, दुकानदार बघू म्हणाला, याने ती वाढत नाही, हा गैरसमज डोक्यातून काढा. आणि कायद्यात ३ महिन्यांत निकाल लिहिलाय, लॅब टेस्ट असली तर ५, त्यावर जाऊ नका, ३ महिन्यांत नोटीस बजावल्याचा रिपोर्ट आला तरी मी विजयनगरच्या कोर्टात पेढे वाटेन.

फोटो, चॅट, यूपीआयच्या नोंदी काही डिलीट करू नका, पुसलेलं दिसलं की माणूस जास्त संशयात येतो. उरलेले सांगाडे कुणाला देऊ-विकू नका, कुठे टाकूही नका, जसे आहेत तसे राहू द्या. येताना सगळं घेऊन या.

अजून एक. तुम्ही पाठवलेल्या फोटोत टँकच्या मागे भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये काळं जाळं लावलंय, घराला नजर लागू नये म्हणून पूजेच्या दुकानात ‘इंद्रजाल’ म्हणून मिळतं ते. ती वनस्पती नाही, बहुतेक वेळा ते काळं कोरल नाहीतर सी फॅन असतं, आणि तेही अनुसूची १ मध्येच. ते कुठून आणलं, एवढं येताना आठवून या.